संपर्कासाठी फिलोमिनाचं नाव

डर्मट केसी आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी चहाला यायचा. माझी थोरली बहीण फिलोमिना विधवा झाली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा चुलीसाठी लाकडं घेऊन आला आणि मग येतच राहिला. खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा, काकवीचा पाव खायचा, वारा कुठून वाहतोय ते सांगायचा आणि निघून जायचा. साठी ओलांडलेला ब्रह्मचारी. त्याच्या मनात काय आहे ते आमच्या स्कूनर कोव्ह गावातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. त्याच्या तोंडून मात्र शब्द फुटत नव्हता.

"आज तरी बोलला का गं?" मी फिलोमिनाला विचारायची.

"बोलला की. पूर्वेचा वारा आहे म्हणाला," असं म्हणून ती कप विसळायला घ्यायची.

मे महिन्यात, शेवंडीचा हंगाम ऐन भरात असताना, तो काखेत एक खोकं घेऊन आला. आत वीतभर लांबीची पिवळीधमक वस्तू होती, वर दुमडलेली अँटेना.

"बीकन म्हणतात याला," तो म्हणाला. "आता नियमच झालाय. होडी बुडायला लागली की ही दांडी उभी करायची, बटण दाबायचं. हे थेट वर उपग्रहाला हाक मारतं."

"मग इथे कशाला आणलंस? आमचं घर बुडतंय का?" मी म्हटलं.

"नोंदणी करायची असते, लोरेटा. दुकानदार म्हणाला, नोंदणी नसेल तर कोणीतरी बुडतंय एवढंच वाचवणाऱ्यांना कळतं. कोण, कुठला, होडी कसली, काही कळत नाही. आणि ती नोंदणी कॉम्प्युटरवर होते."

कॉम्प्युटर फिलोमिनाकडे होता. अल्बर्टातली नातवंडं तिला त्यावर दिसायची. तिने हात पुसले, चष्मा चढवला आणि मास्तरणीसारखी ताठ बसली.

"होडीचं नाव?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे, याला नाही."

"डेझी. आईची शेळी होती ना, तिच्यावरून."

"शेळीचं विचारलेलं नाही. रंग?"

"हिरवा. म्हणजे अर्धा हिरवा, अर्धा निळा. हिरवा मधेच संपला."

हे सगळं तिने एका बोटाने टिपलं. मग थांबली. "आणीबाणीत फोन कोणाला करायचा?"

"फादर लॅरीला लिही."

"फादर लॅरी पाच गावांत फिरतो. तो फोन उचलेपर्यंत तुझ्या दफनाची प्रार्थना म्हणायची वेळ येईल. इथे असा माणूस हवा, ज्याला तू कुठे गेलायस आणि कधी परतणार ते ठाऊक असतं."

डर्मटने टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर ठेवली. "मग तूच," तो म्हणाला.

"बरं. नातं काय लिहू?"

डर्मट बशीतले पावाचे कण वेचू लागला.

"शेजारीण लिही," मी म्हटलं.

"शेजारीण कसली? मधे अख्खी टेकडी आहे," डर्मट म्हणाला.

"मग चहावाली लिही."

"लोरेटा, तू गप्प बस!" दोघं एकदमच म्हणाले.

डर्मटचे कान उकडलेल्या शेवंडीसारखे लाल झाले. त्याने खिडकीकडे तोंड केलं आणि काचेला सांगितलं, "मैत्रीण."

फिलोमिनाने एकेक अक्षर दाबलं, बी पेरावं तसं. मग दुसरं नाव म्हणून माझं घातलं. डर्मट त्या संध्याकाळी वाऱ्याचं न सांगताच घरी गेला.

जूनच्या अखेरीस एका सकाळी असं धुकं उतरलं की अंगणातला कपडे वाळवायचा खांब दिसेना. फिलोमिना पावाचं पीठ मळत होती. फोन वाजला. त्या आठवड्यात गालिचे धुऊन देणाऱ्या कुठल्याशा माणसाने आम्हाला भंडावून सोडलं होतं.

"आमच्याकडे गालिचे नाहीत!" ती ओरडली आणि तिने फोन आपटला.

तो लगेच पुन्हा वाजला. या वेळी तिने नुसतंच ऐकलं. मी तिच्या जवळ सरकले.

"बाई, मी हॅलिफॅक्सच्या बचाव केंद्रातून बोलतोय," फोनमधला तरुण आवाज मलाही ऐकू येत होता. "डर्मट केसी यांच्या बीकनचा संदेश आम्हाला मिळतोय. ते आज समुद्रात गेलेत का? कधीकधी हे चुकून सुरू होतं, म्हणून विचारतोय."

"गेलाय. एकटाच गेलाय. आणि चुकून नाही हो, तो त्या वस्तूला अंड्यासारखा जपतो."

"अंगात काय असेल?"

"नारिंगी तरंगता सूट. होडी अर्धी हिरवी, अर्धी निळी. शॅग बेटामागे शेवंडीचे पिंजरे उचलायला गेलाय."

"संदेश तिथूनच येतोय. हेलिकॉप्टर निघालंय, तटरक्षकांची बोटही निघतेय. पण या धुक्यात वेळ लागेल. तुमच्या धक्क्यावर कोणाच्या होड्या आहेत का?"

"आहेत. मी काढते त्यांना."

हा सगळा वेळ तिचा आवाज एकदाही हलला नाही. तिने फोन ठेवला. मग पिठाच्या हातांनी, एप्रनसकट, धक्क्याकडे धावत सुटली. शाळा सुटल्यापासून मी तिला धावताना पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर गावातला कोळी जेरार्ड पॉवर होडीचं इंजिन चालू करूनच उभा होता. त्याच्या रेडिओवरही बचाव केंद्राची हाक आली होती.

"फिल, तू घरी फोनपाशी थांब," तो म्हणाला.

"वाटेत तुझ्या बायकोला आमच्या फोनपाशी धाडलंय. सरक." आणि ती होडीत चढली. मीही चढले. जेरार्डने आकाशाकडे पाहिलं, पण धुक्यात आकाशही दिसेना, म्हणून त्याने दोर सोडला.

रेडिओवरून ठिकाण मिळालं होतं, तरी शॅग बेटाभोवती पाण्याखाली खडकांच्या दातांची रांग आहे. जेरार्ड होडी इंचाइंचाने पुढे नेत होता. फिलोमिना पुढच्या टोकाला उभी होती. एका हाताने कठडा धरलेला, हातावरचं पीठ सुकून भेगाळलेलं. मी मनात माळेचे मणी मोजत होते. पुढे पाण्यातून वर आलेलं होडीचं एक टोक दिसलं. हिरवं. खालचा निळा भाग बुडालेला होता.

"देवा," जेरार्ड पुटपुटला आणि त्याने इंजिन बंद केलं.

लाटांचा आवाज. एक समुद्रपक्षी. आणि मग धुक्यातून कुठूनतरी गाणं. गाणं म्हणजे काय, गंजलेल्या बिजागरीला कोणी तेल न घालता छळावं तसा आवाज, आणि शब्द सगळे उलटेसुलटे.

फिलोमिना हसली, रडली, दोन्ही एकदम. "तोच आहे! इतका बेसूर आपल्या गावात दुसरा कोणी नाही. डर्मट!"

गाणं थांबलं. "कोण आहे?"

"तुझी मैत्रीण!"

धुकं जरा सरकलं. एका काळ्या खडकावर डर्मट नारिंगी सूट घालून बसला होता, मांडीवर लुकलुकतं पिवळं बीकन. त्याच्या शेजारच्या खडकावर सील पहुडले होते आणि नाइलाजाने मैफलीला आल्यासारखे त्याच्याकडे बघत होते.

"होडी खडकाच्या दाताला लागली," तो ओरडला. "रेडिओ धरेपर्यंत पाणी गुडघ्याला! फिल, तू कशी आलीस?"

"हॅलिफॅक्सहून फोन आला. तुमचा माणूस बुडतोय म्हणाले."

"तुमचा माणूस असंच म्हणाले?"

"साधारण तसंच!"

जेरार्ड वल्ह्याने होडी खडकाकडे रेटत होता. "मग तू काय म्हणालीस?" डर्मटने विचारलं.

"म्हटलं, बुडू देऊ नका. त्याने मला अजून विचारलेलं नाही!"

डर्मट उभा राहिला. खडक शेवाळलेला, निसरडा, तरी त्याने टोपी काढली. टोपी कशी वाचली होती देव जाणे.

"फिलोमिना," तो म्हणाला, "माझ्याशी लग्न करशील का?"

"करीन. पण आधी खाली बस, पडशील!"

"लग्नाचं होडीत बसून बोला!" जेरार्ड किंचाळला. "मी इथे लाट धरून ठेवलीय का तुमच्यासाठी?"

त्याला आत ओढलं तेव्हा आम्ही तिघंही त्याच्यावरच कोसळलो. तेवढ्यात डोक्यावर घरघर झाली, धुक्याला भोक पडलं आणि पिवळं हेलिकॉप्टर दिसलं. रेडिओवर आवाज आला, "माणूस मिळाला का? जखमी आहे का?"

जेरार्डने माईक तोंडाशी धरला. "जखमी नाही. नवरदेव आहे."

वर कोणीतरी दिलखुलास हसलं. "अभिनंदन कळवा. आणि बीकन बंद करायला सांगा, सगळ्या जगाला ऐकू जातंय." हेलिकॉप्टरच्या दारात बसलेल्या माणसाने हात हलवला आणि ते वळलं. तटरक्षकांच्या बोटीवरच्या नर्सने डर्मटला घोंगडीत गुंडाळून तपासलं आणि गरम चहा देऊन आमच्या ताब्यात दिलं.

त्या आठवड्यात आमचं स्वयंपाकघर म्हणजे कचेरीच झाली. गावातला प्रत्येक होडीवाला आपापलं बीकन घेऊन आला. कोणाचं खोक्यातून बाहेरच निघालेलं नव्हतं. जेरार्डचं तर ज्याच्याकडून होडी घेतली त्या माणसाच्या नावावर निघालं, आणि तो माणूस कधीच ओंटारिओला राहायला गेला होता.

"तू बुडाला असतास तर त्याला फोन गेला असता," फिलोमिना म्हणाली. "तो म्हणाला असता, मी तर सोफ्यावर बसलोय."

ज्याचं काम होई तो उठत नसे. कोणी मासे तळायला घेई, कोणी अॅकॉर्डियन काढून वाजवी. डर्मट चहा ओतत फिरायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खडकावरची गोष्ट सांगायचा, दर वेळी एक सील वाढवून.

डेझी होडी मात्र गेली. एकदा तो धक्क्यावर एकटाच पाण्याकडे बघत बसलेला मला दिसला. फिलोमिनानेही पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी तिने मागच्या शेडचं दार उघडलं. आत तिच्या नवऱ्याची होडी पालथी पडली होती. तो गेल्यापासून त्या दाराला तिने कोणाला हात लावू दिला नव्हता.

"मार्टिनला ती अशी पडलेली आवडली नसती," ती म्हणाली. "फळ्या चांगल्या आहेत. बघ."

डर्मटने फळीवरून तळहात फिरवला. "तुला चालेल?"

"चालेल म्हणून तर कुलूप काढलं ना."

दोघांनी मिळून ती घासली, सांधे भरले, डांबर लावलं. बीकनच्या नोंदणीत नव्या होडीची माहिती भरली. लग्न ऑगस्टच्या शेवटी झालं. फादर लॅरी उशिरा आला, चर्चच्या हॉलमध्ये घोटलेले वाटाणे आणि खारवलेलं मांस कमी पडलं, जेरार्डने भाषणात नको ते सगळं सांगितलं, आणि मी इतकी नाचले की चपलेचा पट्टा तुटला.

सप्टेंबरात घरापुरते कॉड मासे धरायची सरकारी मुभा मिळाली, तेव्हा ती दोघं पहिल्यांदा एकत्र समुद्रावर निघाली. ऊन लख्ख, पाणी काचेसारखं. मी धक्क्यावरून हात हलवत होते. सुकाणू फिलोमिनाच्या हातात होतं.

"डावीकडे घे," डर्मट म्हणाला.

"डावीकडेच घेतेय."

"हे उजवीकडे आहे."

"तू जाळं बघ."

"जाळं कुठलं, आपण गळ आणलेत!"

मग दोघांच्या हसण्याचा आवाज पाण्यावरून बराच वेळ येत राहिला. होडी खाडीच्या मधोमध एक गोल फिरली, आणि मग खुल्या समुद्राकडे वळली.