वंगण कुठलं, ते मला विचारा

मी डाय बोलतेय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. बोटाएवढी पोलादी नळी आहे मी, आतून आरशासारखी गुळगुळीत, बाहेरून आटे पाडलेली. रायफलीतून गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती जरा फुगलेली असते, पुन्हा रायफलीत धड बसत नाही. मग घरच्या घरी काडतुसं भरणारे शौकीन मला प्रेस नावाच्या दांड्याच्या यंत्रात चढवतात, पुंगळी खालून माझ्यात दाबतात, आणि मी तिला आवळून पुन्हा मूळ मापावर आणते. एवढंच माझं काम. पण ते गेली दोन वर्षं माझ्या हातून झालेलं नाही.

सध्या माझा मुक्काम ख्राइस्टचर्चमध्ये काशिनाथरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात, काउंटरखालच्या खणात. ज्या रायफलीच्या मापाची मी आहे, ती आता निवेदिता नावाच्या डॉक्टर मुलीकडे आहे. ती महिन्या-दीड महिन्याने येते आणि मला मागते. आणि खिळे मागायला आलेल्या माणसाला हातोडा विकून पाठवणारे काशिनाथराव तिला म्हणतात, "अगं, कुठे ठेवलीय तीच सापडत नाहीये." मी त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब असते.

मला जायचंय हो तिच्याकडे. पण काशिनाथरावांना खोटारडे म्हणू नका. आधी ऐकून घ्या.

माझी आठवण सुरू होते ती कॉलिनच्या गॅरेजपासून. कॉलिन म्हणजे मेंढ्या पाळून म्हातारा झालेला, तळहात फावड्याएवढे असलेला माणूस. चाळीस वर्षं मी त्याच्याकडे काढली. दर रविवारी सकाळी तो रेडिओ लावायचा, पुंगळ्या एका ट्रेमध्ये ओतायचा आणि आधी वंगण काढायचा. कोरडी पुंगळी माझ्यात घातली तर ती अशी रुतते की विचारू नका.

वंगणाच्या बाबतीत माझ्याइतका अनुभव कुणाला असेल? मी सगळी अंगावर घेतलीत. मशीनचं पातळ तेल बाटलीत मोठं रुबाबदार दिसतं, पण जोर आला की पळ काढतं. गंज सोडवणारा तो स्प्रे कुठे कुठे झिरपेल याचा नेम नाही, पुढे जाऊन पुंगळीच्या बुडातली ठिणगी पाडणारी टोपीच नासवायचा. डबीतलं मेण चांगलं, फक्त दोन बोटांनी चोळायला सबुरी हवी. कॉलिनचा जीव मात्र लॅनोलिनवर. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली मेणचट चिकटाई. ती स्पिरिटमध्ये विरघळवून तो पुंगळ्यांवर फवारायचा, ट्रे हलवायचा आणि चहा करायला जायचा. स्पिरिट उडून जाईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा त्याचा नियम. "हीप्स ऑफ टाइम," म्हणायचा, म्हणजे वेळ पोत्याने आहे. फार फवारलं तर पुंगळीच्या खांद्याला, म्हणजे ती मानेकडे निमुळती होते तिथे, खळगा पडतो, कमी पडलं तर ती अडकते. आणि काम झाल्यावर प्रत्येक पुंगळी फडक्याने लख्ख पुसायची, रायफलीत तेलकट पुंगळी जाता कामा नये.

त्या लॅनोलिनपायीच काशिनाथराव आमच्याकडे आले. पुण्याच्या बोहरी आळीत नटबोल्ट मोजत धंदा शिकलेला माणूस, शाळा नववीपर्यंत. कॉलिन त्यांच्या दुकानात स्पिरिट घ्यायला गेला तर यांनी विचारलं, "कशाला हवंय?" गिऱ्हाईक वस्तूचं काय करतं हे कळल्याशिवाय यांना झोप येत नाही. कॉलिन म्हणाला, "रविवारी ये, दाखवतो."

काशिनाथराव पक्के शाकाहारी. कोळीसुद्धा कागदावर घेऊन बागेत सोडणारे. पण त्या रविवारी आले ते सात वर्षं येत राहिले. बंदुकीचा रीतसर परवानाही काढला. कॉलिन त्यांना 'कॅश' म्हणायचा. एक प्रेसचा दांडा ओढायचा, दुसरा पुंगळ्या पुसायचा. अधूनमधून यांचे पुण्याचे किस्से, त्याचे मेंढ्यांचे. कोण जास्त थापा मारतो याची जणू पैज लागलेली.

मग एका जुलैत कॉलिनच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. नेमबाजीच्या क्लबची स्पर्धा तीन आठवड्यांवर. काशिनाथरावांच्या मनात आलं, म्हातारा घरी येईल तेव्हा त्याच्या पुंगळ्या तयार असाव्यात. किल्ली त्यांच्याकडे होतीच. आले, मला प्रेसमध्ये चढवलं, आणि बघतात तर लॅनोलिनची बाटली रिकामी.

आता दुकान यांचं स्वतःचं, शेल्फवर वंगणांची रांग. पण रविवार, दुकान बंद, आणि माणूस उत्साहात. घरी जाऊन खोबरेलाची बाटली घेऊन आले! यांच्या घरी कुलूप गंजलं, खोबरेल. दार करकरलं, खोबरेल. शिवणाचं मशीन, सायकलची चेन, सगळ्याला तेच. बाटली थिजलेली होती, ती गरम पाण्यात धरून वितळवली आणि पुंगळ्यांना चोळली.

इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. बाहेर तीन अंश, पुंगळ्या बर्फासारख्या गार. तेल लागल्या लागल्या पांढरं पडून रव्यासारखं थिजलं. पहिली पुंगळी कुरकुरत गेली. दुसरी गेली ती गेलीच. यांनी दांडा ओढला, तर तिची कड फाटली आणि ती माझ्या पोटात तशीच राहिली.

मागोमाग यांच्या पत्नी सुनीतीबाई आल्या. "अहो, माझं केसांचं तेल इथे काय करतंय?"

"काही नाही गं."

"काही नाही तर तोंड असं का झालंय?"

माझ्या मापाची दुसरी डाय मिळणं कठीण होतं. काशिनाथरावांनी मला दुकानात नेलं, पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, आत आटे पाडले, बोल्ट लावून तिला इंचाइंचाने ओढून काढलं. ती निघाली, पण भोक पाडताना माझ्यातली मधली सळई तुटली, जुनी टोपी बाहेर ढकलणारी. मग पोलादाचा तुकडा घेऊन बसले. चार दिवस कानस चालू. गिऱ्हाईक आलं तर, "पाच मिनिटांनी या." पाच मिनिटांनी या, असं या माणसाने तोवर कुणाला म्हटलं नव्हतं. शेवटी सळई जमली.

मला रुमालात गुंडाळून ते हॉस्पिटलात गेले. गुपचूप परत ठेवली असती तरी चाललं असतं. पण पलंगाशी उभे राहून यांनी सगळं सांगितलं.

कॉलिनने मला उजेडात धरून आरपार बघितलं. मग म्हणाला, "नारळ? माझ्या गॅरेजला आता केकचा वास येत असेल, कॅश."

"सॉरी, कॉलिन."

"अरे, मी तीन अडकवल्यात आजवर. एक तर लॅनोलिन लावायलाच विसरून." आणि नव्या सळईवर अंगठा फिरवत म्हणाला, "ही माझ्या जुन्या सळईपेक्षा सरळ आहे. स्वीट अ‍ॅज, एकदम झकास."

कुबडी टेकत तो स्पर्धेला गेला, सातवा आला, आणि पहिला आल्यासारखा हसला.

पुढे एकट्याने राहणं त्याला जमेना. मुलगी त्याला दूर नेल्सन शहरात, तिच्या घरी घेऊन गेली. रायफल त्याने क्लबातल्या निवेदिताला विकली. मला मात्र त्याने काशिनाथरावांच्या हातात ठेवलं. "कुणाला लागेल तेव्हा दे," एवढंच म्हणाला.

सुरुवातीला रविवारी फोन यायचा. मग यांनाच करावा लागायचा. गेल्या हिवाळ्यात यांनी केला तेव्हा पलीकडून कॉलिनचाच आवाज आला, "कॅश? कोण कॅश?" काशिनाथरावांनी हवापाण्याचं काहीतरी विचारलं आणि फोन ठेवला. मग खण उघडून मला हातात घेतलं, पुसलं, गंज चढू नये म्हणून ग्रीस लावलं, परत ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी हेच. मला दुसरं काही नको असतं, फक्त एक पुंगळी हवी असते. मी पोकळ आहे. पोकळ वस्तूला नुसतं पुसून भागत नाही.

गेल्या शनिवारी निवेदिता आली. डोंबिवलीची पोरगी, बोलायला फटकळ. त्या दिवशी तिने मला मागितलंच नाही. म्हणाली, "काका, पुंगळ्यांना वंगण कुठलं घेऊ?"

झालं. काशिनाथराव खुलले. हे पातळ, हे नको. हे मेण, सावकाश चोळावं लागेल. लॅनोलिन घे, स्पिरिटमध्ये मिसळ, फवारल्यावर चहा करून ये, घाई नाही. खांद्याला जास्त नको, मानेत बारीक ब्रश फिरव, शेवटी पुसायला विसरू नको. आणि खोबरेल चुकूनही नाही हां! वीस मिनिटं बोलले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. वाटलं, गॅरेजमध्येच आहोत.

निवेदिताने मान डोलावत सगळं ऐकलं. बाटली उचलून लेबल वाचलं, परत काउंटरवर ठेवली.

"मस्त समजावलंत काका. पण हे लावून पुंगळ्या घालू कशात? माझ्या डोक्यात?"

काशिनाथरावांनी बाटली उचलून शेल्फवर परत ठेवली.

"कॉलिन मला म्हणाला होता, डाय कॅशकडे आहे. तुम्हाला द्यायची नसेल तर तसं सांगा, मी परत नाही विचारणार. पण 'सापडत नाही' म्हणू नका. तुमचं दुकान आहे हे. इथे तुम्हाला वॉशरसुद्धा डोळे मिटून सापडतो."

खण उघडला. त्यांचा हात माझ्यावर आला, थांबला. मग खण बंद झाला.

"पुढच्या शनिवारी ये," ते म्हणाले. "आणि पुंगळ्या घेऊन ये."

तो शनिवार उद्या आहे. मला त्यांची भीती वाटते. ते ऐनवेळी म्हणतील, वापर आणि आणून दे. किंवा म्हणतील, ठेव तुझ्याकडे, पण माझीच आहे हं. मग मी तिच्या प्रेसमध्ये असेन आणि ते दर रविवारी हा खण उघडून बघतील.

काशिनाथराव, आयुष्यभर तुम्ही गिऱ्हाइकांचं ऐकलंत, एकदा मालाचं ऐका. मला उसनी देऊ नका, भेटही देऊ नका. चांगला भाव सांगा, तिला घासाघीस करू द्या, थोडं खाली या, आणि मला विका. विकलेल्या वस्तूची कुणी वाट बघत बसत नाही.