ओलिंपियाच्या ‘ओ’वरचा पोचा

मी वाकडी बोलतेय. हे माझं नावही आहे आणि रूपही. हातभर लांब, करंगळीएवढी जाड अशी मी पोलादी सळई. टोकापासून चार बोटांवर मान अशी मुरडलेली, जशी चर्चमध्ये मागच्या बाकावर कोण येऊन बसलं ते बघताना एखादीची मुरडते.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. आयुष्यात एकच अक्षर शिकले, तेही पाठीमागून. ते कसं, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म गवतातला. इटलीतल्या आस्तीजवळच्या टेकड्यांवर वाळत घातलेलं गवत ओढायचं एक मोठं दंताळं होतं, त्याच्या चाळीस दातांतली मी एक. एका उन्हाळ्यात ते दंताळं दगडावर आपटून मोडलं आणि आम्ही सगळ्या खळ्यामागे गंजत पडलो. तिथून मला सेकोंदोनं उचललं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. तोरिनोच्या कारखान्यात तो गाड्यांचे दरवाजे बसवायचा, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून त्यानं एक विद्या उचलली होती. पत्र्याला पोचा आला तर बाहेरून ठोकायचं नाही, लांबीचा लेप भरायचा नाही, रंगाला हात लावायचा नाही. पत्र्याच्या पाठीमागे जायचं आणि पोच्याला आतून हळूहळू, गोड बोलून वर आणायचं.

त्यासाठी त्याला टोक जरासं वळवलेली सळई हवी होती. आईच्या चुलीत त्यानं मला तापवलं, शेगड्याच्या जबड्यात आवळलं, आणि नेमकी तेव्हाच त्याची बहीण आउझीलिया घरातून ओरडली, “सेकोंदो, अन्योलोत्ती वाढलेत, गार झाले तर मी परत गरम करणार नाही.” आमच्याकडे जेवायला हाक आली की माणूस असेल तिथून उठतो. तो मला तशीच तापलेली लटकत ठेवून गेला, दोनदा मागून जेवला, आणि परत आला तेव्हा माझी मान कायमची लोंबली होती.

“वाकडी झाली की गं ही,” तो म्हणाला. फेकणारच होता. पण गंमत म्हणून त्यानं मला एका बॉनेटच्या आतल्या पट्टीखाली सारलं, तर जिथं सरळ सळया अडून बसतात तिथून मी मान वळवून अलगद पलीकडे गेले. त्या दिवसापासून मी त्याची लाडकी.

गाडीचं तोंड सगळेच बघतात. पाठ फक्त मी बघितली. लोक पोचा घेऊन यायचे आणि सोबत एक गोष्ट घेऊन यायचे. कुणी म्हणायचं, झाडावरून पाईनचं बोंड पडलं. कुणी म्हणायचं, तो खांब काल तिथं नव्हताच. एकानं तर गाईवर आळ घेतला. मी आत शिरले की मला कळायचं, हा बायकोचा गुडघा आहे, भांडणातला. पत्र्याची पाठ खोटं बोलत नाही. पण मी कधी चुगली केली नाही. पोचा निघाला की गोष्टही निघून जाते.

मग नवी अवजारं आली. पेटीत मखमलीवर झोपणारी, चकचकीत. शिवाय डिंकाच्या टिकल्या आल्या, बाहेरून चिकटवायच्या आणि पोचा ओढून काढायचा. सेकोंदोचे केस पांढरे झाले होते, पाठ दुखत होती, त्याला हे सोपं पडलं. एके दिवशी आउझीलियानं मला खिळ्यावरून उतरवलं आणि परसात टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून रोवलं. चार उन्हाळे मी तिथं उभी होते. वाईट वाटलं नाही म्हणणं खोटं होईल, पण वेलानं मला फार प्रेमानं धरलं होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना उठवलं, आता एकाला नुसतं टेकू द्यायचं होतं.

पाचव्या ऑगस्टात गारा पडल्या. आक्रोडाएवढ्या. सात मिनिटांत सगळ्या गावच्या गाड्यांना देवी आल्यासारख्या खळ्या पडल्या. सेकोंदोच्या दारावर पाटी होतीच, “इथे बोल्ली काढून मिळतील.” बोल्लो म्हणजे आमच्या बोलीत पोचा, बोल्ली म्हणजे अनेक पोचे. पण सरकार गाडीवर वर्षाला जो कर बसवतं, त्यालाही बोल्लोच म्हणतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक छोटी पिवळी गाडी फाटकाशी थांबली. त्यातून एर्मेते उतरला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, पलीकडच्या टेकडीवरचा मधवाला. त्याची बायको ओलिंपिया गाडीतच बसून राहिली, हाताची घडी घालून. एर्मेतेनं खिशातून एक कागद काढला आणि सेकोंदोपुढे धरला.

“हा काढून दे बाबा. दरवर्षी येतो.”

सेकोंदोनं कागद बघितला. कराची नोटीस होती. “एर्मेतेकाका, हा बोल्लो माझ्याच्यानं निघत नाही. हा निघाला असता तर मी आज रोमला खुर्चीवर बसलो असतो.”

“मग पाटीवर लिहितोस कशाला?”

“अहो, पत्र्यावरचे. ते बघा, तुमच्या गाडीवर आहेत तसले.”

एर्मेतेनं वळून आपल्या गाडीकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतोय. “ते? ते तर रंगवायला नेतोय. खालच्या गल्लीतला म्हणाला, लांबी भरून सगळं बॉनेट नव्यानं रंगवायला हवं. दहाला बोलावलंय.”

“मला आत बसवूनच रंगवा म्हणावं,” गाडीतून ओलिंपियाचा आवाज आला. “मी उतरणार नाही. माझ्यासकट पिवळं करा.”

“कालपासून अशीच बसलीये,” एर्मेते हळूच म्हणाला. “जेवायला तेवढी उतरली.”

सेकोंदो गाडीजवळ गेला आणि त्याला कळलं. बॉनेटवर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ओलिंपियाचा मध’. आमच्या लिपीतला तो ‘ओ’ केवढा मोठा, भाकरीसारखा गोल, आणि त्या ‘ओ’वर बसलेली एक मधमाशी. एकेचाळीस वर्षांपूर्वी एर्मेतेनं स्वतःच्या हातानं काढलेली, लग्नाची भेट म्हणून. आता त्याचा हात थरथरत होता. सूप प्यायला दोन्ही हात लागायचे. तीन वर्षांत त्यानं ब्रश धरला नव्हता. त्या अक्षरांवर एकदा नवा रंग बसला की ती गेलीच. आणि मधमाशीच्या बरोबर पंखावर एक पोचा होता.

“काका, दहाचं विसरा. गाडी उन्हात घ्या, रंग ऊबदार होऊ दे. गार रंग तडकतो.”

बॉनेटवर सतरा पोचे होते. सोळा त्यानं नव्या सळयांनी दुपारपर्यंत उठवले. सतरावा पंखावरचा. आतून तिथं आडवी पट्टी होती. एकही सळई पोचेना. डिंकाची टिकली हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. टिकली पोच्याबरोबर पंखही घेऊन आली असती. मग परसात आला आणि माझ्यापुढे गुडघ्यांवर बसला.

“हात लावू नकोस,” आउझीलिया खिडकीतून म्हणाली. “आत्ता कुठे पिकायला लागलेत.”

“मला वाकडी हवीय.”

“चार वर्षांत तुला कधी आठवण आली नाही. टोमॅटो कोण धरणार? तू?”

“झाडूचा दांडा लाव.”

“आणि झाडू कोण धरणार?”

त्यानं एकेक देठ सोडवला. मला धोतरासारख्या मऊ फडक्यानं पुसलं, टोक तेलानं घासलं. चार वर्षांनी त्याचा तळवा मला लागला. दोघंही म्हातारे झालो होतो.

मी पट्टीखाली शिरले. मान वळवली. अंधारात पत्र्याची पाठ चाचपली. पोच्याच्या कडेला आधी, मधे नाही. मध्यावर घाई केली की पत्रा पलीकडे फोडासारखा वर येतो. सेकोंदोनं बाहेरच्या बाजूला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची फळी धरून ठेवली होती. पोच्यात पडलेल्या प्रतिबिंबात त्या रेघा वाकड्या दिसत. एक दाब, रेघांकडे नजर. आणखी एक दाब. राईच्या दाण्याएवढा, त्याहून कमी.

“मला काहीच दिसत नाहीये,” उघड्या बॉनेटच्या मागून ओलिंपिया म्हणाली. “म्हणजे नक्की काहीतरी बिघडवताय.”

“काकू, जरा गप्प बसा.”

“एकेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.”

“सांगितलंय,” एर्मेते म्हणाला. “तू ऐकलं नाहीस, बोलत होतीस.”

शंभरेक दाब झाले असतील. पंख जवळजवळ उठला होता. आणि तेवढ्यात आवाज आला. कट्.

सेकोंदोनं दाब सोडला. माझ्या अंगातला जीव गेला. जुना रंग, एकेचाळीस वर्षांचा, असाच तडकतो, एका आवाजात. सेकोंदोनं हळूहळू मान वर केली.

एर्मेते समोर उभा होता. हातात ग्रिस्सीनीचा, म्हणजे पावाच्या कुरकुरीत काडीचा, अर्धा तुकडा, अर्धा तोंडात.

“माफ कर,” तो म्हणाला. “मला काळजी वाटली की मी खातो.”

“बाहेर जा, काका.”

“बाहेरच आहे.”

शेवटचे दाब मी दिले ते हसतहसत. पोलाद हसतं, फक्त ते हाताला कळतं. सेकोंदोनं फळी पुन्हा धरली. पंखावर, मधमाशीवर, सगळ्या रेघा गवताच्या ओळींसारख्या सरळ पडल्या.

बॉनेट बंद झालं. तेव्हा ओलिंपिया उतरली. तिनं डोळे मिटले आणि तळवा ‘ओ’वरून गोल फिरवला, एकदा, दोनदा. पंखावर थांबली. आमच्या टेकड्यांवर माणसं तोंडभर स्तुती करत नाहीत. लग्नात नवरीलासुद्धा नाही.

“वाईट नाही,” ओलिंपिया म्हणाली.

सेकोंदो कानापर्यंत लाल झाला. एवढं मोठं बक्षीस त्याला कारखान्यातही मिळालं नव्हतं.

जेवायला सगळे परसातच बसले. आउझीलियानं पडलेले टोमॅटो कापून तेलात घातले होते, ते माझ्यामुळे पडले असं ती दर घासाला सांगत होती. मग एर्मेते उठला. त्यानं निळा रंग मागितला. सेकोंदोच्या पाटीपुढे उभा राहिला, ब्रश थरथरला, आणि ओलिंपियानं मागून येऊन त्याचं मनगट धरलं. धरलं एवढंच, ओढलं नाही. पाटीखाली दोघांनी मिळून लिहिलं, “फक्त पत्र्यावरचे.” आमच्या भाषेत ‘फक्त’ला ‘सोलो’ म्हणतात, त्यातला ओ बटाट्यासारखा झाला होता.

एर्मेते पाटीकडे बघत राहिला. “बिघडला.”

“मधमाशी राहिली,” ओलिंपिया म्हणाली.

मग त्यानं मधमाशी काढली. आता दर शनिवारी तो कुणाच्या ना कुणाच्या पोळ्यांच्या पेट्या रंगवायला जातो. हात थरथरतो म्हणून त्याच्या मधमाश्या उडत असल्यासारख्या दिसतात, असं लोक म्हणतात.

मी आता पुन्हा खिळ्यावर असते, मखमलीच्या पेटीच्या वर. आउझीलियाचे टोमॅटो झाडूच्या दांड्यावर चढलेत आणि ती अंगण हातानं झाडावं लागत असल्यासारखी तक्रार करते. ते शिकलेलं एक अक्षर म्हणजे ओ. मी तो पाठीकडून पाहिला. पुढून बघणाऱ्यांनाही तो तसाच दिसतो म्हणे. शिकायला सोपा पडला.

परवा तोरिनोहून एक साहेब गाडी घेऊन आले. मला बघून म्हणाले, “ही वाकलीय. माझ्या कारखान्यात मिनिटात सरळ करून देतो.”

सेकोंदोनं मला खिळ्यावरून काढलं आणि पाठीमागे लपवलं.

तुम्हालाही हात जोडून तेवढंच सांगणं आहे. जगातला वाटेल तो पत्रा माझ्याकडे आणा, मी सरळ करीन. मला मात्र तेवढी वाकडीच राहू द्या.