मोलेफेच्या मायसाठी डफडं

मी डोमाजी. अमरावतीच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलात शिपाई होतो. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात हॉस्टेल बंद झालं, सारे पोट्टे आपापल्या गावाले गेले, अन् मोलेफे तेवढा फाटकापाशी कपड्याची पेटी घेऊन बसला. तो दक्षिण आफ्रिकेचा. रंगानं माह्याहून काळा, अन् एवढा उंच का दारातून वाकून शिरे. रेक्टरसाहेब म्हने, "दोन महिने कुठीतरी खोली पाहून घे."

खोली! सारी अमरावती पालथी घातली मी त्याच्यासंगं. एका घरची बाई त्याले पाहून दारामांगंच लपली. दुसऱ्या घरी त्याले हो म्हनले, अन् मंग माहं आडनाव इचारलं. झालं! हासावं का रडावं तेच समजे ना. मी म्हनलं, "चाल बावा, माह्या घरी."

माहं गाव तेल्हाऱ्याकडे. बायको पंचफुला त्याले पाहून म्हने, "बापा बापा, याले भाकरी किती थापू?" पन चार दिवसांत तो तिच्या चुलीपाशी बसून लसन सोलू लागला.

त्याची हिंदी तोडकीमोडकी, माहीबी तशीच, म्हनून आमचं जमे. तिकडे तो मोठा गवय्या होता. गोऱ्याइच्या हॉटेलात गाये. जाचं मात्र सैपाकघराच्या दारानं, अन् जेवाचं मांगच्या पायरीवर. काळ्या मानसाच्या खिशात पासाचं पुस्तक, म्हंजे फिराचा परवाना, नसलं तं पोलीस रस्त्यातून उचलून नेत.

"मंग त्याइच्यासाठी गाये कायले तू?" मी म्हनलं. मले राग येते अशा गोष्टीचा.

"माहं गानं ऐकून गोऱ्या बाया रडत," तो म्हने. "खरं रडत. मले वाटे, आज रडल्या, उद्या बदलतीन. सहा वर्सं रडल्या, डोमाजी. डोळे पुसत अन् गाडी बोलावत. गान्यानं कोनी बदलत नाई."

मंग एक दिवस त्यानं भर चौकात त्या पासाच्या विरोधात गायलं. वारंट निघालं. रातोरात सरहद्द ओलांडून तो शिकाच्या नावानं इकडे आला. परत गेला का जेल. मायले सांगूनही आला नव्हता.

मे महिन्यात एक पत्र हॉस्टेलातून फिरत फिरत गावात आलं. माय मेली होती, तीन महिन्याआधी. त्यानं पत्र वाचलं, घडी केली, अन् आंगनात बसून राहिला. जेवला नाई. दुपारी एकदम गाऊ लागला. एक ओळ म्हने अन् थांबे. पुन्हा तेच. शेवटी पेटीवर डोकं ठेवून बसला.

म्हने, "आमच्याकडे मेलेल्याचं गानं एकटा म्हनत नाई. एकानं ओळ टाकाची, बाकीच्याइनं झेलाची. असं तीन दिवस. नाई तं मेलेलं मानूस वाटेतच अडकते. माह्या मायले कोनीच उत्तर देऊन नाई राहिलं."



आता माहं पाप सांगतो. छप्पन साली दीक्षा घेतली तवा आमच्या वस्तीनं सारी डफडी जाळली. त्याच्याआधी गावात कोनीबी मेलं का आमाले बलावनं ये. मयतापुढे उन्हातान्हात वाजवत जाचं, अन् घरी शिळंपाकं आनाचं. माह्या बापानं जन्मभर तेच केलं. आमी शपथ घेतली, आता कोनाच्याच मौतीत वाजवनार नाई. देवमन आमच्यात मोठा, त्यानं आग लावली. मी त्यात एक फुटकं डफडं टाकलं, अन् बापाचं कोठीमांगं लपवलं. नाई जाळवलं गेलं माह्यानं. काय करू!

ते मी बाहेर काढलं, तं पंचफुला दारात आडवी. "शपथ घेतली न तुमी? याच हातानं बुद्धाले फूल वाहता न?"

"अवो, हे काम थोडीच आहे? कोनी बलावलं नाई, कोनी भाकर फेकनार नाई. दोस्ताची माय मेली."

"मंग घरात, दार लावून वाजवा."

"मी काय चोरी केली का लपून वाजवाले?" मी तिच्यावर खेकसलो.

आंगनात कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवून डफडं तापवलं. सात वर्सं मुकं होतं, तरी बोट लागल्याबरोबर बोललं. मोलेफेनं ओळ टाकली, मी डफड्यानं झेलली. त्याचं गानं मले समजे ना, पन कुठी थांबाचं ते समजे. तो रडत होता अन् गात होता, अन् मीबी रडत होतो. बापा, जन्मात पहिल्यांदा मी माह्या मर्जीनं वाजवलं! ऊन उतरेपर्यंत वाजवलं. देवमन आला, कुंपनापाशी उभा राहिला, अन् पाठ फिरवून निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोलेफे आंघोळीले गेला होता, तवा महादेवराव पाटलाचा गडी मोतीराम आला. सात वर्सांत आमच्या आंगनात पहिल्यांदा. मोठ्या खुशीत होता.

"डोमा, पाटलाची बुढी आज-उद्याची आहे. वाजवाले तू, सांगून ठेवलं पाटलानं. अन् त्या काळ्यालेबी आन संगं. लोकाइले मजा येईन."

"आमी ते सोडलं," मी म्हनलं.

"सोडलं? अन् काल काय केलं मंग?"

"ते दोस्ताच्या मायसाठी होतं."

मोतीराम हासला. "मंग पाटलाची माय काय माय नोहे?"

  तो गेला.

मोलेफे ओल्या डोक्यानं आला. त्यानं मोतीरामले जाताना पाहिलं होतं. "गावातला होता? काल गानं ऐकलं त्यानं? आवडलं त्याले?"

"हो," मी म्हनलं. "लय आवडलं."

सालभरात तो असा हासला नव्हता. "पाह्य डोमाजी, मी उगाच म्हने का गान्यानं काही होत नाई." अन् डफडं उचलून माह्यापुढे धरलं. तीनातले दोन दिवस अजून बाकी होते.

मी म्हनलं, "नाई." अजून वाजवलं तं पाटलाले नाई कोन्या तोंडानं म्हनू, हे मले त्याले सांगता आलं नाई. त्याच्या तोंडावरचं हासू मी माह्या डोळ्यानं विझताना पाहिलं.

तो आंगनात जाऊन एकटाच बसला. एक ओळ म्हने अन् थांबे. मी घरात दार लावून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.