उघडं पाकीट

"खाला, इथं कुलूप दिसायला हवं," हर्षद कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाला. "पिवळं, एवढुसं. ते नसेल तिथं शहाण्या माणसाने कार्डाचा नंबर टाकू नये."

"आणि आपल्या दुकानाला नाय ते?"

"नाय. त्याच्यासाठी सर्टिफिकेट घ्यावं लागतं. तेच सांगतोय अद्नानला कधीपासून."

दोन हजार पाचचा फेब्रुवारी महिना होता. अद्नान, माझा मुलगा, सात वर्षं दोह्यात काढून राजिवड्यात परत आला होता. त्याची मुलगी आयात चार वर्षांची. अब्बा कुठे म्हटलं की ती टेलिफोनकडे बोट दाखवायची. ते बघून त्याने ठरवलं, आता जायचं नाही. हापूसच्या पेट्या इंटरनेटवर विकायच्या. आखातातली आपली मुलं तिकडून कार्डाने पैसे भरतील आणि इथून पेटी त्यांच्या मुंबई-पुण्याच्या घरी जाईल. इंटरनेटवरच्या दुकानाच्या पानावर त्याने वडिलांचं नाव घातलं होतं, 'सुलेमान आंबेवाले'. कंपनीने पुन्हा बोलावलं होतं, पण त्याने जूनपर्यंतची मुदत मागून घेतली होती. दुकान चाललं तर राहायचं, नाही तर जायचं.

हर्षद नाक्यावरच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. पान त्यानेच बनवलं होतं. तो मला समजेल असं सांगायला लागला. "खाला, दोह्यातला माणूस नंबर लिहितो. तो आपल्यापर्यंत सरळ येत नाय. दहा-पंधरा मशिनींच्या हातातून येतो. वाटेत कोणीपण वाचू शकतो. सर्टिफिकेट असलं की त्या अक्षरांचा असा काला होतो की आपल्या मशिनीशिवाय कोणाला लागत नाय. आणि दुसरी गोष्ट, आपलं दुकान खरंच आपलं आहे, कोणी तोतया नाय, याची सर्टिफिकेट देणारी कंपनी साक्ष देते."

"साक्ष?" अद्नान हसला. "राजिवड्यातल्या सुलेमान खलाशाच्या घराची साक्ष कोण परका देणार? अरे, घेणारे सगळे आपलेच हायत. दादूमियांचा नातू अरीब, दोह्यात त्याच्या खोलीतली पोरं. त्यांच्यासमोर कुलूप लावून बसू? म्हणतील, याला आमचाच भरवसा नाय."

"कुलूप त्यांच्यासाठी नाय रे, वाटेतल्यांसाठी."

"पुढच्या वर्षी बघू. अम्मी, सांग ना याला, आपल्यात पाकीट कोणी चिकटवतं काय?"

आमच्याकडची ही जुनी रीत. जहाजावर किंवा आखातात जाणाऱ्या माणसाच्या हाती पत्र द्यायचं तर पाकीट उघडं द्यायचं. चिकटवून दिलं की नेणाऱ्याचा अपमान. तू वाचशील, असं तोंडावर म्हटल्यासारखं. लहानपणापासून मी हेच बघत आले होते.

"नाय चिकटवत," मी म्हटलं.

मी असं म्हणायला नको होतं. मी तरी नको होतं.

अद्नान पोटात होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या वडलांच्या जहाजावरचे दादूमिया रजेवर आले आणि माझ्या नवऱ्याचं पत्र घेऊन आले. पाकीट रीतीप्रमाणे उघडं. दादूमियांनी ते वाटेत वाचलं. वाईट मनाने नाही. मांडवीच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी चार माणसांना सांगितलं, सुलेमानसाठी दुवा करा. मला अक्षर येत नव्हतं. पत्र वाचून दाखवणारी बाई पाहुणी गेली होती, म्हणून ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात पडून राहिलं. त्या दोन दिवसांत शेजारणी कालवण आणून द्यायच्या आणि माझ्याकडे न बघता निघून जायच्या. पाणवठ्यावर मी गेले की बोलणं थांबायचं. तिसऱ्या दिवशी बाई आली आणि तिने वाचलं. त्यांना छातीतून रक्त पडत होतं, बसऱ्याला जहाजावरून उतरवलं होतं. माझ्या नवऱ्याचं दुखणं गावात सगळ्यांत शेवटी मला कळलं.

पुढे साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी मी शिकवणाऱ्या दमयंतीबाईंसमोर पाटी घेऊन बसले. ते याच कारणाने. पण तोवर पत्र पाठवणारा माणूस गेला होता.

हे सगळं ठाऊक असून हर्षदसमोर मी रीत सांगितली. तो वायरी गुंडाळून निघून गेला.

मार्च चांगला गेला. अद्नान पहाटे उठून बागेत जायचा, पेंढ्यात आंबा भरायचा, पेटीवर वडलांचं नाव रंगवायचा. आयात त्याच्या पाठीवर बसून असायची. टेलिफोनकडे बोट दाखवणं तिने सोडलं होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दादूमिया काठी टेकत ओटीवर आले. ऐंशीला टेकलेले. पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"अद्नान, अरीबच्या कार्डावर कोणीतरी हात मारला. दोन वर्षं साठवलेलं सगळं गेलं. बायकोला तिकडं नेणार होता."

"या अल्ला! कसा काय, चाचा?"

"तो म्हणतो, कार्ड मी आयुष्यात एकाच जागी लिहिलंय. सुलेमान आंबेवाल्यांकडे." त्यांनी मान खाली घातली. "तू घेतलंस असं नाय म्हणत रे मी. जीभ झडेल माझी."

हर्षदला बोलावलं. त्याने फोनवर अरीबला बरंच काही विचारलं. दोह्यात ही मुलं राहायची त्या कँपात कॉम्प्युटरची एक खोली होती. वीस मशिनी, सगळ्या एका तारेवर. त्या तारेवर कोणीतरी बसून जाणारं-येणारं वाचत होता. अरीबसारखे आणखी तिघे निघाले. ज्यांनी कुलूपवाल्या दुकानात नंबर टाकले होते, त्यांना काही झालं नव्हतं.

"म्हणजे आमच्याच पानावरून वाचलं," अद्नान म्हणाला.

'मी सांगितलं होतं,' असं हर्षद म्हणाला नाही. तो म्हणाला असता तर बरं झालं असतं.

अद्नानने दुसऱ्याच दिवशी कागद पाठवले. दुकानाचा परवाना, टेलिफोनचं बिल, पत्त्याचा पुरावा. आठवड्याने सर्टिफिकेट आलं. हर्षदने ते बसवलं आणि मला हाक मारली. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पिवळं कुलूप आलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं.

ते बघायला कोणी आलं नाही. कँपात बोललं गेलं होतं, अद्नानच्या दुकानात काही लिहू नका. दोह्यातून कुवेतला, कुवेतमधून दुबईला गेलं ते. अद्नान दिवसभर पडद्यासमोर बसायचा. मागच्या खोलीत आंबा पेंढ्यात पिकत होता. आधी घरभर वास सुटला, मग तो वास आंबला. वाटता आला तेवढा वाटला. बाकीचा माडाच्या मुळाशी पुरला. रंगवलेल्या रिकाम्या पेट्या पडवीत एकावर एक राहिल्या.

मेअखेरीस त्याने दोह्याच्या कंपनीला फोन केला.

निघायच्या दिवशी दुपारी राजिवड्यातली माणसं आली. फोन झाले तरी फोटो, दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या अजून हातीच जातात. शेवटी दादूमिया आले. त्यांच्याकडे अरीबसाठी पत्र होतं. एवढं होऊनही ते अद्नानच्याच हाती द्यायला आले होते, आणि पाकीट उघडं होतं.

अद्नानने ते घेतलं नाही.

"चाचा, चिकटवा."

"काय?"

"चिकटवून द्या."

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "साबेरा, हा काय बोलतो? माझा भरवसा हाय म्हणून तर..."

"हाय ना? मग चिकटवा," अद्नान म्हणाला. "मी नेईन. पण उघडं नाय नेणार."

घरात डिंक नव्हता. मी चुलीवरच्या भातातली दोन शितं आणली आणि दादूमियांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटाने चुरली आणि पाकिटाच्या कडेला लावली. मग ते खाली बघत, मला ऐकू येईल इतकंच म्हणाले, "तेव्हा तुझंपण असंच आणायला हवं होतं गो."

आयात पडवीतल्या रिकाम्या पेटीत जाऊन बसली होती आणि बाहेर यायला तयार नव्हती.

दारात रिक्षाने हॉर्न दिला. अद्नानने बॅग उचलली आणि पत्रासाठी हात पुढे केला. शीत अजून ओलं होतं. दादूमिया कडेवर अंगठा दाबून उभे होते. हॉर्न पुन्हा वाजला, तरी त्यांनी अंगठा काढला नाही.