पाचवा तारा

"मावशी, चार तारे म्हणजे आमच्यात नापास!"

फोनवर वॉशिंग मशीनवाला मेकॅनिक होता. काल तासभर फरशीवर आडवा होऊन त्याने मशीनचा पंप बदलला आणि निघताना म्हणाला, "ॲपवर चांगलं लिहा हं, मावशी." बाईंनी लिहिलं होतं, तेही मन लावून. चांगलं म्हणजे नेमकं, ही त्यांची समजूत पस्तीस वर्षं शाळेत पेपर तपासून पक्की झालेली. पोटच्या लेकालाही निबंधात कधी पैकीच्या पैकी दिले नव्हते; तो अजून टोमणे मारतो.

अभिप्राय असा होता : 'वेळेवर आले. बिघाड समजावून सांगितला. मशीनचा आवाज थांबला. मात्र ओला पाना ठेवल्याने स्टुलावर डाग पडला.'

"अहो, कौतुकच केलंय की मी!"

"शब्द कोण वाचतंय, मावशी? सकाळपासून एक कॉल नाही. बारापर्यंत पाच तारे झाले नाहीत, तर आठवडाभर काम बंद. बसा घरी बायकोची बोलणी खात."

फोन ठेवला आणि बाईंचा पाय घरात ठरेना. ओट्यापासून गॅलरीपर्यंत, गॅलरीपासून ओट्यापर्यंत. साडेअकरा वाजले. पाणी प्यायल्या. चष्मा पुसला. पुन्हा उठल्या.

"आई, दाबा ना एकदाचा पाचवा," सून म्हणाली. "तुमच्या पदरचं काय जातंय?"

"आणि डाग?"

"डाग पुसता येतो."

"दोनदा घासून पाहिला."

"मग मेकॅनिकला काय फाशी द्यायची?"

बाराला दहा कमी असताना बाईंनी पाचवा तारा दाबला. मग 'मात्र'पर्यंत एकेक अक्षर मागून खोडत आल्या. वहीत खोडलेलं निदान दिसायचं तरी. इथे मागमूस उरला नाही. कुणाची तरी चूक आपणच केल्यासारखं त्यांना वाटत राहिलं.

साडेबाराला मेसेज आला : 'दोन कॉल आले मावशी. उपकार झाले. स्टुलाचं वाचलं होतं. चुकलंच माझं.'

बाईंनी तो दोनदा वाचला.

तेवढ्यात सून डागावर घालायला विणलेला रुमाल घेऊन आली.

"राहू दे," बाई म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्याच्यावर बसल्या.