खिशाचं आश्वासन

आमची बॉबिन शाळेच्या निवडणुकीला उभी राहते आहे, हे मला एका गिऱ्हाइकाकडून कळलं. बॉबिन म्हणजे माझी नात, नववीतली. शिवणयंत्राच्या आवाजात वाढलेली आणि यंत्रातल्या दोऱ्याच्या बॉबिनसारखी एका जागी म्हणून ठरत नाही, तेव्हा हे नाव मीच ठेवलं. तिला विद्यार्थी प्रमुख व्हायचं होतं. दर वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ही पडदा ओढते आणि माईकवर दुसरंच कुणीतरी बोलतं. यंदा पडदा दुसऱ्याने ओढावा आणि बोलावं आपण, एवढंच तिचं म्हणणं. पण ते म्हणणं तिने इतकं मनाला लावून घेतलं होतं की जेवतानासुद्धा चमचा माईकसारखा धरायची.

समोर उभा होता तिच्याच वर्गातला एक उंच मुलगा. त्याला सगळे जिराफ म्हणत आणि तोही खुशाल ओ देई. शनिवारचा शेवटचा तास खेळाचा करीन, हे त्याचं आश्वासन. शाळेच्या कुंपणावर त्याची पोस्टरं लागली होती. मी अक्षरं उशिरा शिकलो, त्यामुळे उभं राहून सावकाश वाचतो. वाचून झाल्यावर मलाही वाटलं, कल्पना काही वाईट नाही. घरी मात्र हे बोललो नाही. मला तिथेच जेवायचं असतं.

बॉबिनचं आश्वासन आमच्या शिवणकामाच्या दुकानातून निघालं. मुलींच्या गणवेशाच्या स्कर्टला खिसे नव्हते. रुमाल कमरेला खोचायचा, घराची किल्ली मोज्यात. मला निवडून द्या, प्रत्येक स्कर्टला खिसा मिळेल, असं तिने भरसभेत सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईही म्हणाल्या, बाजूच्या शिवणीत लपणारा खिसा असेल तर माझी हरकत नाही. खिसे शिवणार कोण, हे तिने सभेत सांगितलं नाही. आम्हालाही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन मुली स्कर्ट घेऊन दुकानाच्या पायरीवर हजर. सुनेने, म्हणजे बॉबिनच्या आईने, माझ्याकडे पाहिलं, मी कात्रीकडे. आमच्या दुकानाला एक खोड आहे. शिंपी म्हटला की आज या, उद्या या, असं लोक धरूनच चालतात. ते आपल्याबद्दल कुणी म्हणू नये म्हणून आम्ही काम कबूल केलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच तयार ठेवतो. पोरीने शब्द दिलाय तर तो आपल्यामुळे लटकू नये, असं म्हणत आम्ही दोघं यंत्रांवर बसलो. अस्तराचे उरलेले तुकडे कामी आले. कुणाच्या खिशात आतून फुलं, कुणाच्या चट्टेपट्टे. मुली हात घालून बघायच्या आणि मैत्रिणींना घेऊन यायच्या. बॉबिनला कळलं तेव्हा तिची मान अशी ताठ झाली, जणू निकाल लागलाच.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेवटचा स्कर्ट गेला. सून दोरा तोडत म्हणाली, "बाबा, आता ही काही पडत नाही."

पडली. सपाटून पडली.

घरी आली ती दप्तर थेट कापायच्या टेबलावर टाकून, जे आमच्याकडे कुणीच करत नाही. मग स्टूल ओढून सांगू लागली. तिने आपल्या जिवलग मैत्रिणीलाच विचारलं होतं, तू मत कुणाला दिलंस. मैत्रीण म्हणाली, "जिराफला. खिसा तर मिळालाच होता, तास राहिला होता." आणि हे सांगताना तिचा हात खिशात होता.

"आजोबा," बॉबिन म्हणाली, "चार दिवस उशीर केला असतात तर काय बिघडलं असतं? सगळे शिंपी करतात."

मी म्हटलं, मग तुझं आश्वासन खोटं पडलं असतं.

"खोटं कसं? पुढे ढकललं म्हणायचं."

सुनेने तोंडाला पदर लावला. मी चष्मा पुसत बसलो. या वयात एवढी तयारी म्हणजे पोरगी नक्की पुढे जाणार. कुठे, ते मात्र विचारावंसं वाटेना.

तिने नाक पुसायला कमरेचा रुमाल ओढला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. साऱ्या शाळेचे खिसे झाले, हिचाच राहिला होता. स्कर्ट काढून दे म्हटलं. रुसलेली असली तरी अस्तर निवडायला तिने चांगला वेळ घेतला. मी शिवत असताना शेजारी उभं राहून म्हणाली, "पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहणार आहे. नव्या स्कर्टांना डावा खिसा आधी द्यायचा, उजवा निकाल लागल्यावर."

आमच्याकडे अर्धं काम देत नाहीत, मी म्हटलं.

"म्हणून तर वर्षभर आधी सांगून ठेवतेय."

परवा शाळेचा कार्यक्रम आहे. माईक जिराफकडे आहे, पण "पडदा यंदा मी ओढणार नाही, तूच बघ," असं बॉबिनने त्याला बजावलं. त्याने लगेच आश्वासन दिलं. शनिवारचा शेवटचा तास अजून गणिताचाच आहे, तेव्हा पडद्याच्या दोरीपाशी कोण असेल, हे बघायला मी पहिल्या रांगेत बसणार आहे.