पूजा राहिलीय माझी

यांच्या डोक्याला मार लागला, आणि आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं की मल्लूवर देवाची कृपा झाली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतम्मा. मल्लू म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा नवरा मल्लिकार्जुन. सोलापुरात कुंभार वेशीत यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. बोअरच्या जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची. तार भरताना वेढे मोजावे लागतात. मध्ये कोणी बोललं तर हे नुसता हात वर करायचे, आणि गिऱ्हाईक गुपचूप बाकावर जाऊन बसायचं. मागच्या श्रावणात अक्कलकोटहून येताना गाडीपुढे कुत्रं आलं. हेल्मेट होतं, पण ते आरशाला टांगलेलं. मी त्या दिवशी मोहोळला माहेरी होते. संध्याकाळी फोन आला, धावत आले, तोवर यांना ऑपरेशनला आत नेलेलं.

वाचले. हातपाय शाबूत, बोलणं शाबूत. बघायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, काही झालेलंच नाही की यांना! डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "प्लास्टरमधला पाय लोकांना दिसतो, मेंदूची जखम दिसत नाही. स्मरणशक्तीचे व्यायाम आत्तापासून सुरू करा. पहिले काही महिने महत्त्वाचे. घरच्यांना नीट समजावून सांगा."

घरचे म्हणजे कोण? आत्याबाई. त्यांना समजावायचं म्हणजे भिंतीला सांगितलेलं बरं, भिंत निदान उलटून बोलत नाही.

यांना जुनं सगळं आठवतं. शाळेतले मास्तर आठवतात, तांब्याच्या तारेचा जुना भाव आठवतो. नवं मात्र काही टिकत नाही. वास तर गेलाच. दूध करपून घरभर धूर झाला तरी हे शेगडीजवळ शांत उभे. राग मात्र असा येतो की बस. एकदा मी "अहो, आत्ताच सांगितलं ना" म्हणाले, तर तांब्या फेकून मारला. थोड्या वेळानं माझ्या कपाळाला हात लावून मायेनं विचारतात, "कुटं आपटलीस गं?" सांगा, अशा माणसावर कसं रुसायचं?

आणि पूजा. आम्हा लिंगायतांत गळ्यातल्या डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करतात, त्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. पूर्वी हे चहा उकळेपर्यंत पूजा उरकायचे, आणि आत्याबाई ओरडायच्या. आता हे डोळे मिटून निवांत पूजा करतात, डबी मिटवतात, जेवायला येतात, ताटाकडे बघतात आणि म्हणतात, "पूजा राहिलीय माझी." की पुन्हा हातपाय धुऊन आत. झाली म्हटलं की संतापतात. काही दिवस तर भाकरी दुपारपर्यंत तशीच वाळत राहते. अंगावरचं मांस उतरलं.

"बघ," आत्याबाई म्हणायच्या, "पडल्यापासनं कसं वळलं पोरगं शिवाकडं!"

"विसरतात ते, आत्याबाई. आजार आहे हा."

"तुझ्या तोंडाला चांगलं म्हणून येतच न्हाय. देवानं दिलेलं डॉक्टरनं काढून घ्यायचं व्हय?"

व्यायामाला त्यांनी पाठवलं नाही. मी एकदा रिक्षा दारात आणली, तर हे आईकडे बघत राहिले. त्यांनी होकाराची मान हलवली नाही, आणि हे रिक्षात बसले नाहीत. माझं ऐकत नव्हतेच, आईचं ऐकायचे. म्हणून मला एकच हवं होतं. आत्याबाईंनी एकदा, फक्त एकदा, यांच्यासमोर म्हणावं की मल्लू, तुझ्या मेंदूला मार लागलाय. मग हे माझ्याबरोबर आले असते. मी विनवण्या केल्या, भांडले, जेवण सोडलं. महिने जात राहिले.

उलट लोक यायला लागले. आधी गल्लीतल्या बायका, मग बाहेरचे. नारळ ठेवायचे, पाया पडायचे. हे कोणालाही ओळखायचे नाहीत आणि सगळ्यांच्या कपाळाला सारख्याच प्रेमानं विभूती लावायचे. लोकांना त्यात समदृष्टी दिसायची. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत असायचे.

चैत्रातल्या एका सकाळी अक्कलकोटकडच्या खेड्यातून निंगव्वा नावाची बाई आली. बरोबर तिची लेक चंद्रिका, कॉलेजात शिकणारी. मुलगी आईच्या खांद्यावर मान टाकून चालत होती. पायरी चढताना अडखळली आणि तिथंच उलटी केली.

"काल स्कुटीवरनं पडली की," निंगव्वा आत्याबाईंना सांगत होती. "आपली आपण उठली, चहा प्याली. रातच्याला डोकं दुखतंय म्हणली, आन आज नुसतं झोपू दे झोपू दे करायलीय. तुमच्या लेकाचं कानावर आलंय, अक्का. डोक्याला लागलं आन देव आला म्हणं. जरा हात ठेवा म्हणावं तिच्या डोक्यावर."

मी हातातलं पातेलं तसंच टाकून बाहेर आले. मुलीची हनुवटी वर केली. एका डोळ्याची बाहुली मोठी होती, दुसऱ्याची बारीक. इतके महिने दवाखान्यात काढल्यावर एवढं तरी मला कळत होतं.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या हिला. डोक्यात रक्त साकळतंय."

निंगव्वा माझ्याकडे बघतच राहिली. "तुमचा मालक बरा झालाच की वो."

"बरे नाहीत ते! भक्त नाहीत न् काही नाहीत. पूजा केलेली आठवत नाही त्यांना, म्हणून परत करतात!"

बसलेल्या बायका कुजबुजल्या. हे हसतमुखानं विभूतीचा हात पुढे करून उभे होते. निंगव्वानं लेकीला जवळ ओढलं आणि आत्याबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. पुन्हा कृपेचं काही बोलल्या असत्या तर मी खरंच त्यांच्या अंगावर गेले असते.

आत्याबाई त्या मुलीकडे बघत होत्या. तिचे डोळे मिटत होते, तोंड जरा उघडं पडलं होतं. आत्याबाई उठल्या, मुलीच्या गालावर चापट्या मारायला लागल्या. "झोपू नगं! ए पोरी, झोपू नगं!" मग निंगव्वाला म्हणाल्या, "घेऊन जा हिला. माझ्या पोराच्या मेंदूला मार हाय. देव-बिव काय न्हाय आलेला. पळ!"

समोरच्या घरातला बसू रिक्षा चालवतो, त्यानं ती काढली. मी मुलीला मांडीवर धरून दवाखान्यापर्यंत गेले, सारखी चिमटे काढत.

मी परतले तेव्हा बाहेरचं कोणी घरात उरलं नव्हतं. नारळ तेवढे राहिले होते. यांनी आईचं बोलणं ऐकलं होतं, पण आता त्यातलं काही यांच्या ध्यानात उरलेलं नव्हतं. इतके महिने ज्या वाक्यासाठी मी जीव काढला ते अखेर बोललं गेलं, आणि मला काडीचाही आनंद झाला नाही. आत्याबाई हट्टानं नाही म्हणत होत्या तोवर मलाही आतून कुठंतरी वाटत होतं की त्यांचंच खरं असेल. तेही गेलं.

दुपारी निंगव्वाचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, चंद्रिका वाचणार होती, पहिल्यासारखी होईल म्हणाले होते. "येळेत आणली म्हणून, असं म्हणले डॉक्टर," ती रडत सांगत होती.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"येळेत म्हंजे?"

"म्हणजे झोप लागून बेशुद्ध व्हायच्या आत."

मग यांच्याकडे बघत म्हणाल्या, "मल्लू त्या दिवशी जेवायच्या वक्ताला घरी आलता. चालत. गाडी ढकलत. मी पडलो म्हणला. ओकला. मला वाटलं पित्त असंल. लिंबूपाणी दिलं. झोप येतीय म्हणला, तर पडदा ओढला, पंखा लावला. गल्लीत पोरं खेळत हुती, त्यास्नी हाकललं. म्हणलं, पोरगं दमलंय. दिवा लावायच्या टायमाला उठवाय गेले तर उठंना."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. दवाखान्यातही कोणाला सांगितलं नव्हतं. ही देवाची कृपाच असणं त्यांना का हवं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"श्रीदेवी," त्यांनी विचारलं, "दुपारीच नेलं असतं, तर त्या पोरीसारखा झाला असता का गं बरा?"

मला खरंच माहीत नव्हतं. जखमा वेगळ्या असतात, माणसं वेगळी असतात. मी डॉक्टरांना विचारलेलं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे तो ओढलेला पडदा आला, संथ फिरणारा पंखा आला, आणि माझा नवरा.

"व्हय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली.

आता व्यायामाला आम्ही जातो. शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, पण उशीर झालाय हे त्यांच्या तोंडावर दिसतं. दुकान विकलं. कोणी पाया पडायला येत नाही, गल्लीतले लोक यांना बघून मुलांना घरात घेतात. वैशाखात सोलापुरात दुपारी अख्खं गाव दारं लावून झोपतं, आत्याबाई झोपत नाहीत. हे झोपले की त्या उशाशी बसतात आणि थोड्या थोड्या वेळानं खांद्याला धरून यांना हलवतात. हे दचकून उठतात, चिडतात, आईला ढकलतात, पुन्हा झोपतात. त्या पुन्हा हलवतात. मी त्यांना थांबवत नाही.